कथित खलत्व आणि कृतिगत खलत्व : अद्भुतकथात्मक व्हिडिओ गेममधील प्रतिनायकाचा विचार

१

आपल्या नाट्यशास्त्रीय परंपरेत प्रतिनायकाचा विचार झाला आहे. मात्र नायकाच्या विचाराच्या मानाने तो फारच त्रोटक आहे. धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे लक्षण सांगताना लोभ, धीरोद्धत वृत्ती, ताठा, पापाचरण आणि व्यसनाधीनता यांचा निर्देश केला. धनिकाने त्यावरील आपल्या टीकेत रामाचा प्रतिनायक रावण आणि युधिष्ठिराचा प्रतिनायक दुर्योधन अशी उदाहरणे दिली. ही सर्व लक्षणे व्यक्तीच्या स्वभावाची आहेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. प्रतिनायक कसा असतो एवढेच ती सांगतात. तो रसिकाचे काय करतो, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. नाटकापुरते ते ठीकच आहे, कारण नाटकाचा रसिक हा पाहणारा असतो. रावणाने सीतेला नेले तरी प्रेक्षकाचे आसन जागच्या जागीच राहते.

गेल्या अर्धशतकात वाढीस लागलेल्या व्हिडिओ गेम या प्रकारात ही स्थिती पालटते. येथे रसिक पाहणारा नसून करणारा असतो. राजे, जादूगार, राक्षस आणि शापित भूमी यांनी भरलेल्या अद्भुतकथात्मक गेममध्ये खेळाडू पुष्कळदा चाळीस-पन्नास तास घालवितो. त्या काळात तो नकाशा पायाखाली घालतो, सोबती जमवितो, त्यांचे सामर्थ्य कणाकणाने वाढवितो. येथे नायक म्हणजे कथेतील एक पात्र आणि त्याची सूत्रे हाती धरणारा मनुष्य यांचे जोडनाव होय. म्हणून प्रतिनायकाविषयीचा प्रश्नही दुहेरी होतो. तो पात्राचा शत्रू आहे हे कथा सांगतेच. परंतु तो खेळाडूचा शत्रू झाला आहे काय?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे. गेममधील प्रतिनायकाचे खलत्व दोन प्रकारांनी सिद्ध होऊ शकते. संवाद, चलत्‌चित्रे, इतर पात्रांचे उद्गार यांच्याद्वारे जे आपल्याला कळते ते ‘कथित’ खलत्व. ज्या नियमांनी, साधनांनी आणि श्रमांनी खेळाडू खेळत असतो त्यांच्यावरच आघात करून जे आपल्याला भोगावे लागते ते ‘कृतिगत’ खलत्व. मनावर दीर्घकाळ ठसणारा प्रतिनायक हा दुसऱ्या प्रकाराने घडतो. पहिला प्रकार त्याला साहाय्य करू शकतो, त्याची जागा घेऊ शकत नाही.

२

प्रतिनायकाविषयीचे सर्वांत रूढ मत असे की, त्याच्या दुष्टतेला पटण्याजोगे कारण हवे. त्याच्यावर अन्याय झालेला असावा, त्याचे ध्येय त्याच्या दृष्टीने न्याय्य असावे, म्हणजे तो ‘जिवंत’ होतो. कादंबरीच्या वाचनातून आलेले हे मत अगदीच निराधार नाही. परंतु ते पुरेसे नाही, हे दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता दिसून येते.

पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या संस्थेने २०१५ साली काढलेल्या ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ या गेमचा मुख्य प्रतिनायक एरेडिन आहे. तो एका एल्फवंशाचा राजा आहे. ‘श्वेतहिम’ म्हणता येईल अशा एका विश्वव्यापी गारठ्याने त्याच्या जगाचा अंत होऊ घातला आहे, आणि सिरी या तरुणीच्या रक्तातील शक्तीच्या योगाने दुसऱ्या जगाची दारे उघडावी असा त्याचा हेतू आहे. आपल्या प्रजेला मरणातून सोडविणारा राजा यापेक्षा भारदस्त हेतू कोणता असावयाचा? तरीही एरेडिन फिका वाटतो. त्याच्या वाट्याला आलेले प्रसंग मोजके आहेत. एवढेच नव्हे, तर नायक गेराल्ट याचा पितृतुल्य गुरू व्हेसेमिर मारला जातो तोही एरेडिनच्या हातून नव्हे, तर त्याच्या इम्लेरिथ या सेनानीच्या हातून. खेळाडूचा खरा घाव दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. हेतू आहे, पण त्याला हात नाहीत.

याच्या उलट जपानच्या ‘स्क्वेअर’ या संस्थेच्या १९९४ मधील ‘फायनल फँटसी ६’ चे उदाहरण घ्यावे. तेथील केफ्का हा सम्राट गेस्टाल याच्या दरबारातील जादूगार. त्याच्या हेतूविषयी गेम जवळजवळ मौन पाळतो. जादूची शक्ती माणसात उतरविण्याच्या एका आरंभीच्या प्रयोगाने त्याचे मन बिघडले, एवढा ओझरता उल्लेख एका नगरात ऐकावयास मिळतो आणि तोही सर्वांनाच ऐकू येईल असे नाही. रंगीबेरंगी वेषातला, खिदळणारा हा विदूषक आरंभी हास्यास्पदच वाटतो. मग तो डोमा या राज्याचे पाणी विषारी करतो. आणि गेमच्या मध्यावर आपल्या सम्राटाला ठार करून, जगाचा समतोल राखणाऱ्या तीन मूर्ती हलवून, जगच मोडून टाकतो.

येथे ‘जग मोडून टाकतो’ हे शब्द लाक्षणिक नव्हेत. खेळाडूने तोवर पायाखाली घातलेला नकाशा खरोखरच बदलतो. भूखंड फुटतात, गावे जागची हलतात, ओळखीच्या वाटा नाहीशा होतात, सोबती पांगतात. एक वर्ष उलटल्यानंतर सेलेस ही एकटीच एका निर्जन बेटावर जागी होते. तेथे खेळाडूला एकच काम उरते : आजारी पडलेल्या सिड या वृद्धासाठी मासे पकडणे. चपळ मासे त्याला मानवतात, मंद मासे अपायकारक ठरतात. खेळाडूच्या निवडीवर आणि तत्परतेवर त्या म्हाताऱ्याचे जगणे-मरणे अवलंबून राहते. ज्या हातांनी काही तासांपूर्वी राक्षस लोळविले त्या हातांना आता मासे धरता येतात की नाही, हा प्रश्न उरतो. केफ्का या प्रसंगी पडद्यावर कोठेही नाही. पण त्याने काय केले ते त्या बेटाच्या प्रत्येक पावलात आहे.

यापुढील भाग आणखी अर्थपूर्ण आहे. विद्ध्वस्त जगात पांगलेले सोबती शोधावयाचे असतात, पण त्यांतील बहुतेकांचा शोध सक्तीचा नाही. थोड्याच सोबत्यांनिशी केफ्काच्या मनोऱ्यावर चालून जाता येते. शेवटी केफ्का विचारतो तो प्रश्न एकच : सर्व काही नष्टच होणार असेल तर जगावयाचे कशासाठी? त्याचे उत्तर पात्रे आपापल्या शब्दांत देतात. पण खरे उत्तर त्यांच्या शब्दांत नाही. खेळाडूने मोडक्या जगात हिंडून जे सोबती परत मिळविले तेच तेथे उभे असतात. त्यांचे तेथे असणे हेच उत्तर होय. प्रतिनायकाच्या शून्यवादाचे खंडन खेळाडूने आपल्या श्रमांनी आधीच करून ठेवलेले असते. हेतूच्या तराजूत केफ्का हलका ठरेल आणि एरेडिन जड. अनुभव मात्र नेमका उलटा येतो. म्हणून हेतूच्या कसोटीपलीकडे जाणे भाग आहे.

३

दुसरे रूढ मत सामर्थ्याविषयीचे आहे. प्रतिनायक जितका बलाढ्य तितका तो प्रभावी, असे मानून अनेक गेम त्याला जगाचा संहार करावयास लावतात. २०११ मधील ‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ या ‘बेथेस्डा’च्या गेममध्ये आल्ड्युइन हा काळा ड्रॅगन ‘विश्वभक्षक’ म्हणून वर्णिलेला आहे. याहून मोठे विशेषण सापडणे कठीण. परंतु गेमच्या आरंभी हेल्गेन येथे खेळाडूचा शिरच्छेद होण्याच्या बेतात असताना आल्ड्युइनच आकाशातून अवतरतो आणि त्या गोंधळात खेळाडूचा जीव वाचतो. पुढे खेळाडूने मुख्य कथानक बाजूला सारून घर बांधले, लोहारकाम केले, जादूचे विद्यालय पालथे घातले, तरी विश्वभक्षक मुकाट्याने वाट पाहत राहतो. शंभर तास गेले तरी विश्वाचा एक घासही कमी होत नाही. स्कायरिम हा एरवी समृद्ध गेम आहे, आणि त्याची समृद्धी खेळाडूच्या स्वातंत्र्यात आहे. पण त्या स्वातंत्र्याला ज्याचा कधी स्पर्शच होत नाही तो त्याचा शत्रू होऊ शकत नाही. त्याचे सामर्थ्य कथित राहते.

सामर्थ्य कृतिगत कसे होते हे ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) मधील सेफिरॉथ या पात्राच्या रचनेत पाहावे. नायक क्लाउड आपल्या भूतकाळाची कथा सांगतो, आणि ती सांगितली जात असताना खेळाडू ती खेळतो. या कथेत सेफिरॉथ शत्रू नसून वरिष्ठ सहकारी आहे. लढाईत तो शेजारी उभा असतो, पण खेळाडूच्या आज्ञेत नसतो. क्लाउड त्या वेळी अगदी दुबळा आहे. ज्या ड्रॅगनपुढे त्याचा निभाव लागणार नाही त्याला सेफिरॉथ सहज लोळवितो. ‘हा बलाढ्य आहे’ असे येथे कोणी सांगत नाही. ज्या आकड्यांनी खेळाडू आपली शक्ती मोजत आला आहे त्याच आकड्यांत हे अंतर त्याच्या डोळ्यांसमोर उमटते.

त्यानंतर एका दलदलीत प्रचंड सर्पाचा वावर आहे. त्या टप्प्यावर त्याच्याशी झुंजणे बहुधा आत्मघातच ठरते. चोकोबो नावाचा पक्षी पकडून त्याच्या पाठीवरून खेळाडू ती दलदल कशीबशी ओलांडतो. पलीकडे पोहोचताच तशाच एका सर्पाचे कलेवर झाडाच्या खोडावर भोसकून उंच टांगलेले दिसते. येथेही सेफिरॉथ दिसत नाही. पण ज्याच्यापासून आपण नुकतेच पळालो त्याची ही गत कोणी केली, हे सांगावे लागत नाही. प्रतिनायक वारंवार समोर आला पाहिजे असा जो आग्रह धरला जातो त्याचेही उत्तर येथेच मिळते : समोर येणे महत्त्वाचे नाही, खेळाडूच्या वाटेवर त्याच्या खुणा असणे महत्त्वाचे.

एअरिथचा मृत्यू हा या गेममधील सर्वज्ञात प्रसंग. त्याविषयी शोकरसाच्या अंगाने पुष्कळ बोलले जाते, पण त्याची रचना पाहिली जात नाही. एअरिथ ही कथेतील आवडती मुलगी आहेच. शिवाय ती खेळाडूच्या तुकडीतील एक उपयुक्त सोबती आहे. घायाळांना बरे करण्याची तिची खास कसब खेळाडूने तासन्‌तास खपून विकसित केलेली असते. ती मरते तेव्हा तो श्रम परत मिळत नाही, आणि तुकडीत तिची जागा रिकामी पडते. या वियोगाला पात्राचा शोक आणि खेळाडूची हानी असे दोन थर आहेत, आणि दोन्हींवर एकाच हाताची खूण आहे.

४

येथवर प्रतिनायक खेळाडूचे काही हिरावून घेतो हे पाहिले. याहून खोलवर जाणारा प्रकार म्हणजे प्रतिनायकाने खेळाडूच्याच कृतीचा उपयोग करून घेणे. ‘ऑथेल्लो’ पाहताना इयागोचा कावा प्रेक्षकाला ठाऊक असतो आणि ऑथेल्लोला नसतो. प्रेक्षकाची तगमग होते ती त्याला काही करता येत नाही म्हणून. गेममध्ये करता येते, आणि तेच गोत्यात आणणारे ठरते.

निन्टेन्डोच्या १९९८ मधील ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ मध्ये लिंक हा बालनायक गॅनॉनडॉर्फला रोखण्यासाठी तीन रत्ने मिळवितो, कालमंदिराचे दार उघडतो आणि तेथील तलवार उपसतो. ही अनेक तासांच्या पराक्रमाची परिणती असते. पण तलवार उपसल्यानेच पवित्र भूमीची वाट मोकळी होते आणि मागोमाग आलेला गॅनॉनडॉर्फ आत शिरतो. लिंक सात वर्षे निद्रिस्त राहतो. जागा होऊन तो बाहेर येतो तेव्हा किल्ल्यापुढील ती गजबजलेली बाजारपेठ, जेथे खेळाडूने बालपणी खेळ खेळले, ओसाड झालेली असून तेथे प्रेते चालत असतात. गॅनॉनडॉर्फचा स्वभाव धनंजयाच्या लक्षणांत चपखल बसेल. त्यात नवे काही नाही. नवे आहे ते हे की त्याच्या विजयाचे दार खेळाडूने स्वतःच्या हाताने उघडले.

‘फायनल फँटसी ७’ मध्ये हेच तत्त्व अधिक क्रूरपणे येते. प्राचीनांच्या मंदिराबाहेर सेफिरॉथच्या अंमलाखाली गेलेला क्लाउड त्याला विनाशकारी ‘ब्लॅक मटेरिया’ नेऊन देतो. त्या क्षणी खेळाडूच्या हातची सूत्रे काढून घेतली जात नाहीत. त्याच्या ताब्यात क्लाउडचे एक लहान, अस्पष्ट बालरूप राहते. ते धावते, मध्ये येते, पण मोठ्या क्लाउडला थांबवू शकत नाही. इच्छा एकीकडे आणि देह दुसरीकडे, ही अवस्था वर्णनाने नव्हे तर हातातल्या यंत्राने अनुभवास येते. परवशतेचे इतके नेमके रूप नाटकाला किंवा कादंबरीला साधणे कठीण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र येथे एक विवेक करणे अवश्य आहे. खेळाडूला दुसरा मार्गच न ठेवता त्याच्याकडून एखादे दुष्कृत्य करवून घ्यावयाचे आणि वर त्यालाच दोष द्यावयाचा, ही युक्ती अप्रामाणिक आहे. ‘ओकारिना’ तसे करीत नाही. लिंकवर कोणी पापाचा ठपका ठेवीत नाही, फक्त परिणाम दाखविला जातो. दोषारोप करावयाचा तर निवड खरी असावी लागते. टोबी फॉक्स यांच्या २०१५ मधील ‘अंडरटेल’ ने ही अट पाळली आहे. त्यात कोणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येते. फ्लाउई नावाचे बोलके फूल हा तेथील प्रतिनायक. गेममध्ये आपली प्रगती साठवून ठेवणे आणि चूक झाली तर मागे जाऊन पुन्हा खेळणे हा खेळाडूचा सर्वमान्य विशेषाधिकार. फ्लाउईजवळ ही शक्ती खेळाडूच्या आगमनापूर्वी होती. आरंभी भेटणाऱ्या मायाळू टोरिएलला मारून, पश्चात्तापाने मागे जाऊन तिला वाचविले, तरी फ्लाउई ते विसरत नाही आणि खेळाडूला तसे सुनावतो. सर्वांशी मैत्री करून झाली, सर्वांना मारून झाले, आणि शेवटी केवळ पाहावे म्हणून सर्व काही केले, असा त्याचा इतिहास. कुतूहलापोटी पुन्हा पुन्हा खेळणाऱ्या रसिकाची ही प्रतिमा आहे. येथे प्रतिनायकाचा संबंध खेळाडूच्या साधनाशीच आहे. ते साधन बाळगणाऱ्याचे काय होऊ शकते हे तो दाखवितो.

५

या विवेचनावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. कॅनडातील ‘बायोवेअर’ने निर्मिलेल्या ‘बॉल्डर्स गेट २’ (२०००) मधील जॉन आयरेनिकस हा प्रतिनायक अनेकांच्या स्मरणात आहे तो डेव्हिड वॉर्नर या नटाच्या थंड, तुटक आवाजामुळे. मग वाणी, अभिनय, लेखन यांचे, म्हणजे कथित अंगाचे, श्रेय नाकारावयाचे काय?

ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा आवाज कशाच्या आधारावर उभा आहे ते पाहिले पाहिजे. गेमचा आरंभच आयरेनिकसच्या तळघरातील पिंजऱ्यात होतो. पुढे ज्या बंदिस्त आश्रमाकडे खेळाडू मोठ्या कष्टाने पैसा जमवून जातो, तेथे आयरेनिकसने आधीच कबजा केलेला असतो; खेळाडूचे श्रम त्याला शत्रूच्या दारी पोहोचवितात. तेथे नायकाचा आत्मा काढून घेतला जातो. ज्या आयरेनिकसला त्याच्याच एल्फ लोकांनी शिक्षा म्हणून आत्मिक वारशापासून तोडले, तो स्वतःची उणीव खेळाडूच्या ठायी निर्माण करतो. यानंतर नायकाला एका राक्षसी रूपात जाण्याची शक्ती मिळते. ती मोहक आहे, पण वापरल्यास त्याचा लौकिक घटतो. येथे हेतू, वाणी आणि खेळाचे नियम एकाच दिशेने काम करतात. आवाज उत्तम आहेच; पण त्या आवाजाने जे सांगितले ते नियमांनी खरे केले आहे. एरेडिनला वाणी नव्हती असे नाही. त्या वाणीमागे नियम उभे नव्हते.

हे केवळ निर्मात्यांच्या कुवतीचे प्रश्न नव्हेत, हे त्याच संस्थेच्या पुढील कृतीवरून दिसते. ‘द विचर ३’ ला २०१५ सालीच ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ ही पुरवणी जोडली गेली. तिचा प्रतिनायक गाँटर ओ’डिम. मूळ गेमच्या आरंभी एका खानावळीत आरसे विकणारा एक साधा फिरस्ता म्हणून तो भेटून गेलेला असतो. पुरवणीत तो गेराल्टला बंदिवासातून सोडवितो आणि त्याच्या चेहऱ्यावर कराराची खूण उमटवितो. म्हणजे खेळाडू ज्याला सतत पाहत असतो त्याच्याच तोंडावर आपली मोहर ठेवतो. एकदा तो खानावळीतील काळच थांबवितो आणि एका माणसाला लाकडी चमच्याने ठार करतो. खेळाडूखेरीज कोणालाही ते कळत नाही. शेवटी त्याला आव्हान द्यावयाचे की बक्षीस घेऊन ओल्गिएर्ड याला त्याच्या हाती सोपवावयाचे, ही निवड खेळाडूची. आव्हान दिले तर तलवारीचा उपयोग नाही. ठरावीक वेळात एका कोड्याचे उत्तर शोधावयाचे असते, आणि ते उत्तर म्हणजे प्रतिबिंब. शेकडो शत्रू तलवारीने निकाली काढणाऱ्या खेळाडूची तलवारच ओ’डिमने निकामी केली आहे. त्याच्या दुष्टतेचा हेतू काय, हे अखेरपर्यंत कळत नाही. एरेडिनचा हेतू संपूर्ण कळतो. दोघांपैकी कोण स्मरणात राहतो, हे या गेमच्या वाचकास सांगावयास नको.

६

तात्पर्य असे. अद्भुतकथात्मक गेममधील प्रतिनायकाची परीक्षा करताना तीन प्रश्न विचारावेत. त्याने खेळाडूच्या श्रमातून उभे राहिलेले काय हिरावले? खेळाडूच्या कोणत्या कृतीचा त्याने उपयोग करून घेतला? आणि ज्या साधनावर खेळाडूची भिस्त होती त्याचे काय केले? या तिन्हींचे उत्तर ‘काही नाही’ असे येत असेल, तर त्या प्रतिनायकाचा भूतकाळ कितीही करुण असो आणि सामर्थ्य कितीही विश्वव्यापी असो, तो पटकथेतला शत्रू राहील. गेममधला होणार नाही.

यातून समीक्षेच्या पद्धतीविषयीही एक निष्कर्ष निघतो. आपल्या विद्यापीठांतून या प्रकाराकडे आता कोठे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले जाऊ लागले आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाचा ओढा साहजिकच कथानकाच्या सारांशाकडे असतो. पण सारांशात केफ्का हा एक खुळा जादूगार दिसेल आणि एरेडिन एक शोकात्म राजा. बेटावरचे मासे, दलदलीपलीकडचा सर्प, रिकामी पडलेली सोबत्याची जागा सारांशात उतरत नाही. नाटकाचा विचार प्रयोग पाहिल्यावाचून पुरा होत नाही हे आपण मान्य केले आहे. गेमचा विचार तो खेळल्यावाचून सुरूही होत नाही. धनंजयाने प्रतिनायकाचे स्वभावदोष मोजले. या नव्या कलाप्रकारात त्यांच्या जोडीला आणखी एक हिशेब मांडावा लागेल : त्या दोषांची किंमत खेळाडूला कशात मोजावी लागली, याचा.